खानावळीतला ळ

म्हापशाच्या बाजारपेठेत दिवेलागण झाली की एका खानावळीची पाटी पेटते आणि लांबून ती ‘खानाव’ अशी वाचली जाते. ळ गळून पडलेला नाही. जागेवर आहे, त्याच्या पोटातली एलईडीची पट्टीही चालू आहे; अगदी खाली उभं राहून मान वर केली तर ती दिसते. पण तिचा उजेड अक्षराच्या कडेबाहेर येत नाही. शिरोरेषेमागची भिंत मात्र चांगली उजळलेली. दिवसा हीच पाटी बघावी तर नाव ठेवायला जागा नाही: काळी, गुळगुळीत, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर कापलेली जाडजूड अक्षरं, भिंतीपासून बोटभर पुढे उभी. गिऱ्हाइकाने ती दिवसाच बघून पसंत केली असणार. आतलं हुमण, म्हणजे माशाचं कालवण, चांगलं असेल तर पाटी कोण वाचतो, हेही खरंच. तरी सगळ्या शब्दात नेमकं एकच अक्षर अंधारात का, हा प्रश्न काही पाठ सोडत नाही.

मागून उजळणाऱ्या अक्षराचा सगळा हिशेब त्याच्या पाठीवर कोरलेल्या खाचेत असतो. समजा अक्षराची उंची २४० मिमी आहे आणि ळ च्या फुगवट्याशी रेघेची जाडी ४० मिमी. पाठीवर मधोमध १२ मिमी रुंदीची खाच, तीत ८ मिमी रुंदीची पट्टी, तोंड भिंतीकडे, अक्षर आणि भिंत यांत २५ मिमीची फट. खाच १४ मिमी खोल असेल आणि पट्टीची जाडी २ मिमी धरली, तर दिवा खाचेच्या काठापासून १२ मिमी आत बसतो. खाचेची अर्धी रुंदी ६ मिमी. म्हणजे उजेड दोन्ही बाजूंना जेमतेम २७ अंश उघडतो आणि भिंतीवर मध्यरेषेपासून साडेअठरा मिमीवर संपतो. रेघेची कड तर २० मिमीवर आहे. उजेड अक्षराच्या पाठीमागेच राहिला. काना ३२ मिमी जाडीचा असेल तर त्याची कड १६ वर, म्हणून तिथे अडीच मिमीची बारीक किनार दिसते. शिरोरेषा बहुतेक वळणांत त्याहून सडपातळ, २८ ची धरा, तिच्या बाहेर साडेचार मिमी. खाच सगळीकडे एकसारखी, रेघ मात्र जागोजागी वेगळी, आणि जाड रेघेने मार खाल्ला. आता तीच खाच ६ मिमी खोल करा. दिवा काठापासून ४ मिमी आत, कोन ५६ अंश, भिंतीवरचा पट्टा मध्यरेषेपासून साडेत्रेचाळीस मिमीपर्यंत. फुगवट्याशीसुद्धा २३ मिमीहून जास्त प्रभा. एलईडीचा स्वतःचा कोन साधारण १२० अंशांचा, म्हणजे बाजूला ६०. उथळ खाचेत तो जवळजवळ पुरता वापरला जातो. खोल खाचेत निम्म्याहून जास्त उजेड खाचेच्या भिंतींवरच आपटतो, आणि त्या काळ्या असतील तर तिथेच संपतो.

आठ मिलिमीटरच्या फरकात अख्खा ळ जातो.

इतकी खोल खाच कापायची सवय आली ती समोरून उजळणाऱ्या डब्यांतून. तिथे दुधी अ‍ॅक्रिलिकच्या तोंडापासून दिवे जितके लांब, तितके त्यांचे ठिपके कमी दिसतात. दोन दिव्यांत जेवढं अंतर तेवढी तरी खोली ठेवावी, हा तिथला साधा आडाखा. मागून उजळणाऱ्या अक्षरात ठिपके मिसळायचं काम भिंतीपर्यंतची फट करते. मीटरला १२० दिवे असलेल्या पट्टीत दोन दिव्यांमधलं अंतर ८.३ मिमी, ६० दिव्यांच्या पट्टीत १६.७ मिमी, २५ मिमीच्या फटीत दोन्ही एकजीव होतात. खाच फक्त पट्टी बाजूने दिसू नये आणि तिला बसायला जागा मिळावी एवढ्यापुरती. खोल कापून झालीच असेल आणि माल फुकट घालवायचा नसेल, तर ९० अंशांचा व्ही-बिट, म्हणजे टोकदार पातं, घेऊन दोन्ही काठांना ४ मिमीची तिरकी कड मारावी. वरच्या चौदाच्या खाचेत त्याने कोन २७ वरून ३७ अंशांवर जातो, भिंतीवरचा पट्टा पावणेअठ्ठावीस मिमीपर्यंत पोचतो. मग खाच आणि अक्षराची सगळी पाठ पांढरी रंगवून टाकावी. भिंतीवरून परतलेला उजेड पाठीवर आपटून पुन्हा भिंतीकडे जातो, आणि काळी पाठ तो गिळते. पुढून काळं आणि मागून पांढरं करायचा कंटाळा हाच अनेक मंद पाट्यांचा रोग आहे.

रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटं. प्रत्येकाला आपली खाच, आपली वायर, भिंतीत आपलं भोक. देवनागरीत ‘खानावळ’ कापलं की एकच तुकडा हातात येतो. शिरोरेषेतून मुख्य चर काढायचा आणि प्रत्येक काना, प्रत्येक वळसा त्याला जोडायचा. कुळागरात मुख्य पाटाचं पाणी फोडून माडा-पोफळींच्या आळ्यांत सोडतात तसं. भिंतीत भोक एकच. पाटी कोंकणी असो की मराठी, हे सुख सारखंच, आणि त्यातल्या खोड्याही सारख्याच. कोरलड्रॉ या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराचे कर्व्ह (नुसत्या बाह्यरेषा) केले की शिरोरेषा अखंड दिसते. खरं तर प्रत्येक अक्षराचा आकार शेजारच्यावर किंचित चढलेला असतो. हे आकार एकत्र सांधल्याशिवाय, म्हणजे वेल्ड केल्याशिवाय, फाइल मशीनवर गेली तर कापणारा राउटर त्या चढलेल्या कडाही प्रामाणिकपणे कापतो आणि शब्दाचे तुकडे होऊन बेडवर पडतात. फक्त बाह्यरेषा दिसतील असा व्ह्यू एकदा लावून बघितला तर हे दोन मिनिटांत कळतं. शिवाय ध, भ, थ, अ यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटते, म्हणजे ‘साधना’ एका तुकड्यात येत नाही. सा वेगळा, धना वेगळं, आणि मधला वायरीचा उडीचा तुकडा काळ्या स्लीव्हमधून मागून न्यावा लागतो. अनुस्वाराचं टिंब तर पूर्ण एकटं. ४५ मिमीच्या टिंबात तीन दिव्यांचा एक तुकडा मावेल एवढं गोल पॉकेट, म्हणजे खड्डा, पुरतो. त्याला एकच स्टड, म्हणजे भिंतीत बसणारा दांडा, बस्स. टिंब जागच्या जागी फिरलं तरी कोणाला कळतंय!

आता खाच आखायची कशी? सगळ्यात सोपी रीत म्हणजे बाह्यरेषा निवडायची आणि आतल्या बाजूला १० मिमीचा ऑफसेट, म्हणजे कडेला समांतर रेघ, मारायचा. सॉफ्टवेअर क्षणात खाच काढून देतं. मला वाटतं, गोव्यातल्या देवनागरी पाट्यांचं गेल्या काही वर्षांत जे झालं आहे, ते या एका कमांडने केलं आहे. १२ मिमीची खाच आणि दोन्ही बाजूंना १० मिमीच्या भिंती म्हणजे रेघ कुठेही ३२ मिमीच्या खाली जाता कामा नये. बोरूने काढलेल्या अक्षरात रेघ जाड होत होत बारीक होते, गाठीपाशी जेमतेम कागदाला टेकते. तिथे ऑफसेट खाच तोडतो, चारपाच सुटे डबके उरतात. मग ऑपरेटर म्हणतो, फॉन्ट बदला. मग सगळीकडे एकाच जाडीचं, गुबगुबीत, गाठी बुजलेलं वळण येतं. एक टाइपचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट वाईट नाहीत, बालू तर या कामाला फारच सोयीचा आहे. पण पेंटरच्या हातच्या पाट्यांत ख ची शेपटी कुठे वळावी याबद्दल दर गावाचं वेगळं मत असायचं, ते आठ मिमीच्या पट्टीच्या सोयीसाठी सोडून द्यावं लागतंय याची चुटपुट वाटते. पेंटरच्या पाट्या रात्री दिसायच्याच नाहीत, हेही तितकंच खरं. पणजीच्या फोंतेन्हासमधल्या निळ्या-पांढऱ्या अझुलेजोंवरची, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या चकचकीत फरश्यांवरची, नावं रस्त्यावरच्या दिव्याच्या भरवशावर कधीची उभी आहेत, आणि त्यांना पावसाळा काही करत नाही.

पण सोडून द्यायची खरं तर गरज नाही. उजेडाला अक्षराची प्रत्येक वळी चालत जावी लागत नाही. उथळ खाचेतल्या दिव्याचा पट्टा मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना चाळीसेक मिमी जातो, तेव्हा खाचेत ४०-५० मिमीचा खंड पडला तरी दोन्ही टोकांचा उजेड भिंतीवर एकमेकांना भेटतो. म्हणून ऑफसेटवर विसंबू नये; अक्षराच्या मध्यरेषेवर स्वतः रेघ ओढावी, जिथे जाडी २६ मिमीच्या खाली येते तिथे थांबावं, आणि पलीकडे जाडी परत आली की पुन्हा सुरू करावं. मधल्या भागात फक्त वायरीपुरती ३ मिमी रुंद, ३ मिमी खोल चीर. ती ३ मिमीच्या बिटने एका फेरीत निघते. ब च्या पोटातल्या तिरक्या दांडीत तर पट्टी नकोच. चहूबाजूंनी येणारा उजेड तिथे साठतो आणि पोट गरजेपेक्षा जास्त उजळतं. कान्याचं वरचं टोकही तसंच. शिरोरेषेची पट्टी तिथून जातेच आहे, त्यामुळे कान्याची पट्टी शिरोरेषेखाली २५ मिमी सोडून सुरू करावी. हे केलं नाही की वर उजेड आणि खाली काळोख, अशी निम्मी पाटी तयार होते.

पट्टी कुठेही कापता येत नाही, ही दुसरी अडचण. १२ व्होल्टच्या पट्टीत दर तीन दिव्यांनी कापायची खूण असते: मीटरला ६० दिवे असतील तर ५० मिमीवर, १२० असतील तर २५ मिमीवर. कान्याच्या खाचेला १३० मिमी जागा उरली तर ६० वाल्या पट्टीचे दोन तुकडे बसतात आणि तळाशी ३० मिमी अंधार राहतो; १२० वालीचे पाच बसतात, पाचच मिमी उरतात. २४ व्होल्टच्या पट्टीत सहा दिव्यांनी खूण, म्हणजे १२० वालीलाही ५० मिमी. म्हणून एवढ्या आकाराच्या अक्षरांत १२ व्होल्ट बरी, २४ चे फायदे लांबलचक पाटीत. प्रत्येक जोडावर सोल्डर आणि वायर येते, तेव्हा कान्याच्या मुखाशी खाच १२ वरून १८ मिमी रुंद करावी, नाहीतर सोल्डरचा फुगवटा काठावर बसतो आणि पट्टी उचलली जाते. वळशांसाठी साधी पट्टी चालत नाही. ती वर-खाली वाकते, आडवी नाही. जबरदस्तीने आडवी वाकवली की तांब्याचा थर तुटतो आणि नवी पाटी चवथीपर्यंतसुद्धा धड पेटत नाही. ळ चे दोन वळसे, ख चं पोट, व चा गोल यांना एस आकाराची, ६ मिमी रुंदीची नागमोडी पट्टी घ्यावी. तिचे दिवे दर मीटरला कमी असतात, तेव्हा वळशात प्रभा जराशी मऊ दिसते. चालतं.

मशीनवर चढवताना पहिली गोष्ट: अक्षर उलटं. पुढची बाजू बेडवर, पाठ वर, म्हणून फाइल आरशातली हवी. हे विसरलं की खाच पुढच्या बाजूला कोरली जाते, आणि २० मिमीचा अख्खा शीट भंगारात. दुसरी गोष्ट झेडचा, म्हणजे खोली मोजायचा, शून्य. बहुतेक ऑपरेटर तो मालाच्या वरच्या पृष्ठावर घेतात. कास्ट अ‍ॅक्रिलिकच्या जाडीत मात्र बराच फरक चालवून घेतला जातो. आयएसओ ७८२३-१ या मानकाप्रमाणे जाडीच्या १० टक्के अधिक ०.४ मिमी, म्हणजे २० मिमीच्या शीटमध्ये २.४ मिमी इकडे किंवा तिकडे. शीट बारीक निघाला की समोरच्या तोंडाची जाडी तेवढी कमी होते आणि दुधी किंवा रंगीत अ‍ॅक्रिलिकमधून खाचेचा सापळा पुढून दिसायला लागतो. शून्य बेडवरून घ्यावा. मग जाडी काहीही असो, तोंडाची जाडी ठरवलेली तेवढीच राहते. त्यासाठी आधी बेडवरचा एमडीएफ एकदा सपाट करून घ्यायला हवा. तिसरी गोष्ट क्रमाची: आधी खाचा, मग स्टडची भोकं, शेवटी बाहेरचा काप. आधी अक्षर सुटं केलं की बारीक कान्यात खाच कोरताना ते थरथरतं आणि खाचेच्या भिंतीवर लाटा उमटतात. शेवटच्या फेरीत तळाशी ०.३ मिमीचा पापुद्रा ठेवावा, तो नंतर कटरने कापला जातो.

अ‍ॅक्रिलिकला ६ मिमीचा एक धारेचा बिट, १८००० आरपीएम (मिनिटाला तेवढ्या गिरक्या), फीड म्हणजे पुढे सरकायचा वेग मिनिटाला १८०० मिमी, एका फेरीत ३ मिमी खोल. हिशेब साधा आहे: बिटच्या दर गिरकीमागे ०.१ मिमीची साल निघाली पाहिजे. फीड घाबरून ८०० वर आणला की साल निघण्याऐवजी घासणं सुरू होतं, अ‍ॅक्रिलिक वितळतं, बिटला चिकटतं आणि तो गोडसर जळका वास सगळ्या शेडमध्ये भरतो. आवाजही बदलतो, स्वच्छ काप असताना एका सुरातला सणसणाट असतो, वितळायला लागलं की तो दबतो. चांगला ऑपरेटर स्क्रीनकडे बघत नाही, कान देऊन उभा असतो. पीव्हीसी फोमबोर्ड यापुढे लोण्यासारखा, पण त्याचा भुगा स्थिर विजेने हाताला, कपड्यांना, खाचेच्या तळाला चिकटून बसतो. तो पुसल्याशिवाय पट्टीचा टेप धरत नाही. पट्ट्या सुटून लोंबकळण्याचं निम्मं कारण हा भुगा.

गोव्यात कोणता माल घ्यावा याचं उत्तर जून महिना देतो. पणजीला वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, आणि तो सरळ वरून कमी, नैऋत्येकडून आडवा जास्त. एमडीएफचा विषयच नको. लाकडी लूक हवा असेल तर आयएस ७१० चा मरीन प्लाय, कापलेल्या सगळ्या कडा आणि खाचेच्या आतल्या भिंतीही पीयू सीलरने बंद करून. सागाच्या किंवा फणसाच्या फळीतून कापायचं असेल तर रेषा आडव्या ठेवल्या की शिरोरेषा भक्कम आणि काने कमकुवत. खाच कोरलेला काना हातात धरताच तुटतो. फोमबोर्ड पाण्याला दाद देत नाही, पण ६०-७० अंशांवर नरम पडायला लागतो, आणि मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवरचं काळं अक्षर तिथवर सहज पोचतं. अ‍ॅक्रिलिक ऊन-पाऊस दोन्ही सोसतं, फक्त फुगतं: मीटरला दर अंशामागे ०.०७ मिमी. एक मीटरची शिरोरेषा ३० अंशांच्या फरकात २.१ मिमी लांबते. सुट्या रोमन अक्षरांना हे जाणवतही नाही. अखंड शिरोरेषेला दोन्ही टोकांना घट्ट स्टड मारला तर भोकापाशी तडा जातो. मधला एक स्टड पक्का, बाकीची भोकं आडवी लांबट.

शिरोरेषा ही पावसात आडवी पडवीच असते. तिच्यावर पाणी थांबतं आणि मागच्या कडेवरून खाचेत उतरतं. वरच्या मागच्या कडेला २ मिमीची बारीक पन्हळ कोरली तर पाणी तिथून बाजूला जातं. प्रत्येक अक्षराच्या सर्वांत खालच्या बिंदूला, ळ च्या दोन्ही पोटांना, उकाराच्या तळाला ५ मिमीचं भोक हवं. तेही वर्षातून एकदा टोचून मोकळं करावं, कारण कुंभारीण माशी मातीने ते हमखास बुजवते. सोल्डरचे जोड झाकायला सिलिकॉन वापरताना नाक वापरा: आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं आणि तांब्यावर हिरवा गंज चढवतं. न्यूट्रल क्युअर मागायचं, दुकानदार ‘तेच आहे’ म्हणाला तरी नळी वाचून. समुद्राजवळ ३०४ स्टीलच्या स्टडवर पहिल्या वर्षातच तपकिरी डाग येतात. ३१६ महाग आहे, पण आठ स्टडचा प्रश्न असतो.

भिंतीचं काय करायचं हे पाटीवाला ठरवत नाही, आणि तिथेच खूप कामं फसतात. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर प्रभा पसरतच नाही. आरशात दिसावी तशी दिव्यांची रांग मोजता येते. उघड्या जांभ्या चिऱ्यावर उलट. खडबडीत, तांबूस, छिद्राछिद्रांची भिंत उजेड पिते, ६५०० केल्विनचा पांढरा तिच्यावर राखेसारखा मळकट दिसतो, ३००० चा पिवळसर मात्र दगडाचा रंग वर काढतो. पावसात भिजलेल्या चिऱ्यावर तो आणखी गडद होतो, तेव्हा तर पाटी वाचायचं विसरून भिंतच बघत राहावी. चिऱ्यात साधा प्लग धरत नाही, दगड भुसभुशीत असतो. आधी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लांब स्क्रूने भिंतीला आणि अक्षर त्या पट्टीला, असं करावं लागतं. गिऱ्हाईक तयार असेल तर अक्षरामागे फिकट, मॅट रंगाचा पट्टा ओढून घ्यावा. दोनशे रुपयांचा रंग पट्टीच्या दुप्पट वॅटपेक्षा जास्त काम करतो.

वीज जोडताना ‘खानावळ’ला सगळी मिळून साडेतीन मीटर पट्टी लागते. ९.६ वॅट मीटरच्या हिशेबाने ३३.६ वॅट, १२ व्होल्टवर २.८ अँपिअर. एसएमपीएस, म्हणजे पट्टीला १२ व्होल्ट पुरवणारा डबा, ८० टक्क्यांवर चालवायचा म्हणजे ४२ वॅट, बाजारात मिळतो ६०. तो पाटीमागे कोंबू नये, आत कोरड्यात ठेवावा, आणि वायर भिंतीत शिरण्याआधी खाली झोका देऊन वर न्यावी म्हणजे पाणी तिच्यावरून आत जात नाही. शिरोरेषेच्या एकाच टोकाला वीज दिली तर दुसऱ्या टोकाचं अक्षर मंद होतं. मधोमध द्यावी, किंवा दोन्हीकडून. खाच रेझिनने भरून टाका असा आग्रह अनेक जण धरतात. पाणी त्याने थांबतं, पण एक तुकडा गेला की अख्खा शब्द उतरवावा लागतो. न भरता, मागे २ मिमीच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं झाकण चार स्क्रूंवर बसवलेलं बरं. आणि त्याच रोलमधली अर्धा मीटर पट्टी, नावाची चिठ्ठी लावून, गिऱ्हाइकाच्याच गल्ल्यात ठेवून यावी. पुढच्या रोलचा पांढरा या रोलच्या पांढऱ्याशी जुळेलच असं नाही.